कर्जदार जातो, सही उरते
शैक्षणिक कर्ज आणि कर्जदाराच्या मृत्यूनंतरचा हिशेब

संत्र्याच्या कलमांचे गाव म्हणून शेंदूरजनाघाटाची ओळख विदर्भाबाहेरही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्यप्रदेशाच्या सीमेजवळच्या वरुड तालुक्यातले हे गाव. इथल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलमे तयार होतात आणि दूरदूरच्या बागांत जातात. इथल्या बागवानाला एक हिशेब शिकवावा लागत नाही. कलम लावल्यापासून हाती लागण्यासारखे फळ यायला साधारण पाच वर्षे जातात आणि तोवरचे खत, पाणी, फवारणी सगळे पदरचे. मुलाच्या अभियांत्रिकीसाठी काढलेल्या कर्जाचाही हिशेब असाच असतो. चार वर्षे शिक्षणाची, एक वर्ष नोकरी शोधण्याचे आणि सहाव्या वर्षी पहिला हप्ता.

बागेत मात्र नुकसान झाले तर त्यासाठी आपल्याकडे शब्द आहेत. डिंक्या आला, फळगळ झाली, गारपीट झाली तर पंचनामा, पीकविमा, नुकसानभरपाई, कधीमधी कर्जमाफी. कर्ज काढून शिकवलेला मुलगा किंवा मुलगी कमावायला लागल्यावर अचानक गेली, तर त्या कर्जाचे काय होते, याबद्दल गावात दोनच समजुती ऐकू येतात. एक, माणूस गेला की कर्ज बुडाले. दुसरी, बापाने काढलेले असो की पोराने, ते घराला फेडावेच लागते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही अर्धवट आहेत. आणि या अर्धवटपणाची किंमत लाखांत मोजावी लागते. कधी नको ते कर्ज अंगावर घेऊन, तर कधी हक्काचा पैसा न मागून.

या लेखाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल. मृत्यूनंतर कर्ज कोणाकडे जाते हे नात्यावरून ठरत नाही, कर्ज घेताना कोणी कुठल्या रकान्यात सही केली यावरून ठरते.

वारस, जामीनदार, सहकर्जदार

बँकेच्या टेबलावर मुलाच्या कर्जासाठी बसलेल्या बापाला तीन वेगवेगळ्या भूमिका लागू होऊ शकतात. बोलताना आपण तिन्हींना ‘जबाबदारी’ म्हणतो, पण कायदा त्यांना निरनिराळे मानतो.

पहिली भूमिका वारसाची. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३७ प्रमाणे करार करणारा मेला तरी त्याचे वचन त्याच्या प्रतिनिधींना बांधते. पण किती बांधते? दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ याच्या कलम ५० आणि ५२ मध्ये याचे उत्तर आहे. मृताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतेच. मुलाच्या खात्यात चाळीस हजार आणि एक मोटारसायकल असेल, तर वारस म्हणून बँकेला त्यावरच हक्क सांगता येतो. वारसाच्या स्वतःच्या शेतीवर, पगारावर, दागिन्यांवर नाही. अट एवढीच की वारसाने हाती आलेल्या मालमत्तेचा हिशेब देता आला पाहिजे. तो देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते.

दुसरी भूमिका जामीनदाराची. करार कायद्याचे कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले.

तिसरी भूमिका सहकर्जदाराची, आणि शैक्षणिक कर्जात बहुतेक आईवडील याच रकान्यात असतात. सहकर्जदार म्हणजे दुसरा कर्जदारच. मुलगा हयात असताना जेवढे कर्ज मुलाचे, तेवढेच पूर्ण कर्ज बापाचेही असते. मुलाच्या मृत्यूने एक कर्जदार कमी होतो, दुसरा तसाच राहतो. त्यामुळे ‘कर्ज वारशाने बापाकडे आले’ असे म्हणणे चुकीचे आहे. ते पहिल्या दिवसापासून बापाकडेच होते.

२००१ मध्ये भारतीय बँक संघाची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली, तेव्हापासून पालकाची सही हा या कर्जाचा पाया आहे. त्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण नको होते, चार ते साडेसात लाखांना तिऱ्हाइताचा जामीन आणि साडेसात लाखांच्या वर मालमत्तेचे तारण, अशी रचना होती. २०१५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कर्जांसाठी पतहमी निधी सुरू केला आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांना तारणाची व जामिनाची गरज उरली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतही साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी आहे. ‘सरकारची हमी आहे’ हे ऐकून पालक निर्धास्त होतात. पण ही हमी बँकेला असते, कुटुंबाला नसते. कर्ज थकले तर निधी बँकेचे नुकसान काही अंशी भरून देतो. कर्जदाराकडची वसुली त्यामुळे थांबत नाही.

वारस नेमके कोण?

घरातला कर्ता पुरुष वडील असल्याने बँकही त्यांनाच बोलावते. पण हिंदू वारसा कायदा, १९५६ वाचला की गंमत दिसते. अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातील वारस आई आहे. वडील दुसऱ्या वर्गात आहेत. आई हयात असेल तर मुलाची स्वतःची सगळी मालमत्ता तिची एकटीची. मुलगा विवाहित असेल तर पत्नी, मुले आणि आई हे समान वाटेकरी. अविवाहित मुलगी गेली तर तिच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे वारस आई आणि वडील दोघे मिळून. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम कायद्यात आई आणि वडील दोघांचा ठरलेला वाटा असतो, आणि कर्ज वजा झाल्यावरच उरलेल्याची वाटणी होते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. वडील सहकर्जदार आणि आई फक्त वारस असेल, तर दोघांची स्थिती अगदी निराळी आहे. वडिलांवर पूर्ण कर्ज, आईवर केवळ मुलाकडून आलेल्या मालमत्तेपुरते. लग्नाला वर्ष झालेली सूनही कर्जाच्या कागदावर नसेल, तर तिच्या माहेरच्या दागिन्यांना किंवा तिच्या पगाराला बँक हात लावू शकत नाही. ‘नवऱ्याचे कर्ज बायकोने फेडावे’ हा समाजाचा दबाव असेल, कायदा तसे म्हणत नाही. अशा वेळी कोणी नव्या कागदावर सही मागितली तर ती करण्याआधी थांबावे. कर्जाची पुनर्रचना म्हणून केलेल्या नव्या करारावर आईने किंवा सुनेने सही केली, की मर्यादित जबाबदारीची अमर्याद जबाबदारी होते.

विद्येची कमाई एकट्याची, कर्ज घराचे

‘घराला फेडावेच लागते’ ही दुसरी समजूत आली कुठून? तिच्यामागे धर्मशास्त्राची मोठी परंपरा आहे. बापाचे ऋण मुलाने व्याजासह फेडावे, नातवाने फक्त मुद्दल फेडावे, हा स्मृतिकारांचा दंडक. त्यावरून ‘पुत्राचे पवित्र कर्तव्य’ हे तत्त्व इंग्रजी न्यायालयांनीही चालवले. मुंबई इलाख्यात तर पूर्वी बापाकडून काही न मिळालेल्या मुलावरही हा बोजा येत असे. १८६६ च्या कायद्याने तिथे वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती केली. वऱ्हाड त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता, निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वेगळा मुलूख होता. पुढे २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या कर्जांसाठी हे ‘पवित्र कर्तव्य’ कायद्याने संपवले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. ही सारी परंपरा बापाच्या कर्जाची. मुलाच्या कर्जाबद्दल याज्ञवल्क्यस्मृती उलट सांगते. मुलाने केलेले कर्ज बापाने देणे लागत नाही, कुटुंबासाठी काढलेले असेल तर तेवढे वगळून. म्हणजे बापाने मुलाचे कर्ज फेडण्याला शास्त्राचा आधार नाही आणि आजच्या वारसा कायद्याचाही नाही. आधार आहे तो फक्त सहीचा.

मग शिक्षणाचे कर्ज कुटुंबासाठी काढलेले म्हणायचे का? हा प्रश्न गेल्या शतकात दुसऱ्या बाजूने न्यायालयात आला होता. एकत्र कुटुंबाच्या पैशावर शिकलेल्या माणसाची कमाई कोणाची, त्याची की कुटुंबाची? १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका सनदी अधिकाऱ्याच्या खटल्यात कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. त्यावर मोठी खळबळ झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी विधेयक आणले आणि १९३० मध्ये हिंदू विद्याधन कायदा झाला. कुटुंबाने शिकवले असले तरी विद्येची कमाई ज्याची त्याची, असे त्या कायद्याने ठरवले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शैक्षणिक कर्जाचा मूळ विरोधाभास दिसतो. विद्येची कमाई कायद्याने एकट्याची आहे, पण विद्येचे कर्ज करारामुळे घराचे आहे. मुलगा हयात असेपर्यंत हा विरोध कोणाला टोचत नाही, कारण मुलगा घरी पैसे पाठवतो. तो गेला की कमाईचा झरा आटतो आणि कर्ज मात्र घरात राहते.

गाडगेबाबा याच जिल्ह्याचे. कर्ज काढू नका आणि पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा, हे दोन्ही ते कीर्तनात एकाच दमात सांगत. त्या काळी ताटे मोडून शाळेची फी भरता येत होती. आज ताटे काय, पाच एकरांची बाग मोडूनही खाजगी महाविद्यालयाची चार वर्षे निघत नाहीत. म्हणून दुसरा उपदेश पाळायचा तर पहिला मोडावा लागतो. तो मोडताना निदान डोळे उघडे असावेत.

एक हिशेब

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातला हिशेब मांडू. समजा, शेंदूरजनाघाटच्या एका बागवानाच्या मुलाने अभियांत्रिकीसाठी नऊ लाखांचे कर्ज घेतले. दरवर्षी सुरुवातीला सव्वादोन लाख मिळाले, व्याज दहा टक्के, सवलतीच्या काळात सरळव्याज. पाच वर्षे संपता पहिल्या सव्वादोन लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चारचे, तिसऱ्यावर तीनचे आणि चौथ्यावर दोनचे व्याज चढते. एकूण ३ लाख १५ हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज १२ लाख १५ हजार झालेले असते. पंधरा वर्षांची परतफेड धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १३ हजार.

मुलाने पुण्यात नोकरी धरली, वर्षभर बारा हप्ते नियमित भरले, आणि अपघातात तो गेला. वर्षभरात त्याने १ लाख ५६ हजार भरले, पण त्यातले मुद्दलात गेले जेमतेम ३७ हजार. बाकी सगळे व्याज. शिल्लक कर्ज सुमारे ११ लाख ७८ हजार.

वडील सहकर्जदार असतील तर हे पूर्ण कर्ज त्यांचे. बँकेला व्याज थांबवण्याचे बंधन नाही. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनही ते चालूच राहते. हप्ते थकले तर वडिलांची पतनोंद बिघडते, आणि मृगाआधी पीककर्जासाठी तेच वडील त्याच किंवा दुसऱ्या बँकेच्या दारात उभे राहतात तेव्हा ती नोंद आडवी येते. मुलाच्या कर्जाचा फास बागेच्या गळ्याला असा लागतो. त्याचबरोबर धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे कर्जही अडते.

महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफीच्या योजना आल्या, त्याआधी २००८ मध्ये केंद्राची आली. या सगळ्या शेतीकर्जांच्या होत्या. शैक्षणिक कर्ज त्यांत नव्हते. पुढच्या माफीची वाट पाहत हप्ते थांबवणारा पालक म्हणूनच फसतो.

बँकेचा हात कुठवर पोचतो?

कर्जाला तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक न्यायालयात न जाता मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते. गावातले घर किंवा प्लॉट गहाण असेल तर हा धोका खरा आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमीन यातून वगळलेली आहे. जमीन प्रत्यक्ष वहितीत असली पाहिजे, नुसता सातबाऱ्यावर शेतीचा शेरा पुरत नाही. उभी संत्र्याची बाग ही शेतजमीन आहे हे सांगायला फारसे वकिली कौशल्य लागू नये.

पण सूट मिळाली म्हणजे कर्ज सुटले असे नाही. बाग गहाण दिलेली असेल, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला असेल, तर बँक दिवाणी दावा लावून हुकूमनामा घेऊ शकते. वीस लाखांपर्यंतचे दावे दिवाणी न्यायालयात चालतात, त्यावरचे ऋणवसुली न्यायाधिकरणात. शेतकऱ्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे यांना जप्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. मात्र जे स्वतःहून गहाण दिले त्याला हे संरक्षण उपयोगी पडत नाही.

मुदतीचा कायदाही माहीत हवा. विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, गहाणाच्या वसुलीला बारा वर्षांची. पण मुदत संपण्यापूर्वी कर्जाची लेखी कबुली दिली, किंवा सहीनिशी काही रक्कम भरली, तर मुदत नव्याने मोजली जाते. बँकेचा माणूस ‘फक्त शिल्लक बरोबर असल्याचा कागद आहे’ म्हणून सही मागतो, तेव्हा तो कागद हाच असतो. तो वाचावा, झेरॉक्स ठेवावी, मग ठरवावे.

वसुलीच्या फोनबद्दलही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशानुसार वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकावायचे नाही, घरच्यांना वा मित्रांना अपमानित करायचे नाही. दहाव्या-तेराव्याच्या घरात असा फोन आला तर तारीख-वेळ लिहून ठेवावी. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी लागत नाही.

कर्जाच्या आवाक्याबाहेरचा पैसा

दुःखाच्या काळात घरची माणसे देणे काय आहे तेच पाहतात, येणे काय आहे ते पाहत नाहीत. नोकरीला लागलेल्या तरुणाच्या मागे बरेचदा अशा रकमा असतात ज्यांची घरी कोणाला कल्पना नसते.

भविष्यनिर्वाह निधी ही पहिली. १९५२ च्या कायद्यानेच असे ठरवले की सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला मिळणारी ही रक्कम मृताच्या कर्जातून मुक्त असते. शैक्षणिक कर्जाची बँक तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. याच निधीला जोडून १९७६ पासून कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना आहे. तिचा हप्ता मालक भरतो, कर्मचाऱ्याला पगारपत्रकात तो दिसतही नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला आणि वर्षभर सलग नोकरी झालेली असेल, तर कमीत कमी अडीच लाख आणि जास्तीत जास्त सात लाख रुपये मिळतात. वरच्या हिशेबातल्या कर्जाचा मोठा भाग यातच निघू शकतो, पण तो अर्ज केल्याशिवाय येत नाही.

दुसरे, मुलाचे बचत खाते. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यासाठी त्यातून वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्यासाठी २० रुपये कापले जात होते का, हे पासबुकात पाहावे. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास दोन-दोन लाख मिळतात. तिसरे, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिच्यात खातेदार शेतकऱ्याबरोबर कुटुंबातल्या एका सदस्याच्या अपघाती मृत्यूलाही दोन लाखांचे अनुदान आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लवकर द्यावा लागतो. चौथे, अपघात वाहनाचा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा. आणि पाचवे, कंपनीने काढलेला समूह विमा.

इथे नामनिर्देशनाचा घोळ होतो. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, बहुतेक बाबतींत ती वारसांसाठी रक्कम स्वीकारणारी विश्वस्त. ‘कालनिर्णय’कर्ते जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच पुन्हा सांगितले. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांना नामनिर्देशित केले असेल तर रक्कम त्यांचीच होते.

विम्याचा कागद शोधा

सगळ्यांत आधी शोधायचा कागद म्हणजे कर्जाशी जोडलेला विमा. अनेक बँका शैक्षणिक कर्ज देताना समूह कर्जविमा घ्यायला सांगतात आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात. वर्षे उलटली की तो कोणाला आठवत नाही. कर्जमंजुरीचे पत्र आणि खात्याचा पहिल्या वर्षाचा उतारा काढून ‘विमा हप्ता’ अशी नोंद आहे का ते पाहावे. असेल तर विमा प्रमाणपत्र मागावे आणि बँकेमार्फत दावा लावावा. विमा कंपनी शिल्लक कर्ज बँकेला देते आणि तेवढ्याने सहकर्जदार मोकळा होतो.

दोन गोष्टी तपासाव्यात. एक, विम्याचे संरक्षण कोणाचे आहे, मुलाचे की वडिलांचे. पैसा कमावणार मुलगा आणि विमा पन्नाशीतल्या वडिलांचा, असे झाले तर मुलाच्या मृत्यूनंतर काही हाती येत नाही. दुसरी, रक्कम. सवलतीच्या काळात कर्ज वाढत जाते, पण विम्याचे संरक्षण मूळ नऊ लाखांवरच राहिले किंवा दरवर्षी कमी होत गेले, तर मधली फट कुटुंबाने भरायची असते.

पॉलिसीला तीन वर्षे झाली असतील तर खोटी माहिती दिली या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे विमा कायद्याचे कलम ४५ सांगते. दावा नाकारला तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. हप्ता कापला आणि विमा काढलाच नाही असे आढळले, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

पहिल्या काही आठवड्यांत काय करावे?

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. मुलगा पुण्यात गेला तर नोंद पुणे महापालिकेत, शेंदूरजनाघाटच्या नगरपरिषदेत नाही. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्याव्यात, कारण प्रत्येक कार्यालय मूळ प्रत मागते. मग बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्या पत्रात चार गोष्टी मागाव्यात. मृत्यूच्या दिवशीची शिल्लक, सह्या केलेल्या सगळ्या करारांच्या प्रती, विम्याची माहिती आणि व्याजसवलतीची नोंद. करार हाती आला की कोणाची सही कुठल्या रकान्यात आहे ते समजते. तोवर काहीही कबूल करू नये, नवा कागद करू नये.

मुलाच्या बँकेत, कंपनीत अडकलेली रक्कम काढायला मोठ्या रकमेसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. ते दिवाणी न्यायालयातून मिळते. आईला वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

फेडणे भागच असेल तर तडजोडीचा मार्ग आहे. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे प्रत्येक बँकेकडे तडजोडीचे संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असते. लोकअदालतीत झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही, आणि न्यायालयात भरलेली फी परत मिळते. वऱ्हाडला ही वाट नवी नाही. १९३३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज समेटाचा कायदा झाला, आणि पंजाबराव देशमुखांचे नाव या भागात कर्ज लवादाशी जोडून घेतले जाते. कर्जदाराची ऐपत पाहून देणे ठरवायचे, हे तत्त्व तेच आहे. कर्ज पुरते फिटले की तारणाचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून नवा उतारा हाती घेतल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

बाहेर काय होते, इथे काय व्हावे?

अमेरिकेत केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर रद्द होते. पालकाने मुलासाठी घेतलेले सरकारी कर्जही मुलगा गेला तर रद्द होते. खाजगी कर्जांबाबत २०१८ च्या कायद्याने नव्या करारांपुरते सहसही करणाऱ्याला मोकळे केले. ब्रिटनमध्ये सरकारी विद्यार्थी कर्ज मृत्यूबरोबर संपते. तिथे हे दयाबुद्धीने केलेले नाही. शिक्षणाचे कर्ज हे भावी कमाईवर दिलेले कर्ज आहे, आणि ती कमाई संपल्यावर ते मागायचे कोणाकडून, हा सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे पतहमी निधी बँकेच्या नुकसानीचा मोठा भाग उचलतोच. मग कर्जदाराच्या मृत्यूच्या प्रकरणात तरी त्याच निधीतून पालकाला मोकळे करायला काय हरकत आहे? विशी-बाविशीतल्या निरोगी मुलाचा मुदतविमा फार स्वस्त असतो. दर कर्जाला तो जोडला, संरक्षण वाढत्या शिल्लकीइतके ठेवले आणि हप्त्याचा भार योजनेने उचलला, तर हा प्रश्न बराचसा सुटेल. त्यासाठी आधी तो प्रश्न आहे हे मान्य करायला हवे. थकलेल्या कर्जांच्या आकड्यांत मेलेल्या कर्जदारांचा रकाना वेगळा दाखवला, तरी सुरुवात होईल.

तोवर प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक काम उरते. यंदा ज्यांच्या घरातले पोर कर्जावर शिकत आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत ते घरी आले की करार, विम्याचे प्रमाणपत्र आणि नामनिर्देशनाचे कागद एका फाइलीत लावून घ्यावेत. विमा नसेल तर मुलाच्या नावाने, कर्जाच्या शिल्लकीइतका घ्यावा. फाइल कुठे ठेवली आहे हे आईला नक्की सांगावे, कारण वारस म्हणून कायदा पहिल्यांदा तिलाच विचारणार आहे.